डोळ्यांआडचें पुढारीपण

वर्गांत शिक्षक असतांना वर्ग शांत असतो, यांत वर्गाची परीक्षा नाहीं आणि शिक्षकाचीहि नाहीं. शिक्षक कांहीं कामानिमित्त बाहेर गेले, पंधरा मिनिटें परत आले नाहींत, आणि तरीहि फळ्यावरील गणित सोडविण्याचें काम चालूं राहिलें, तर मात्र त्या वर्गास कांहीं तरी खरोखर शिकविलें गेलें आहे असें समजावें. पुढारी म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावर बसलेला, हातीं निशाण धरलेला, सर्वांच्या पुढें चालणारा पुरुष उभा राहतो. तो सर्वांना दिसतो व सर्व त्याला दिसतात. परंतु जेथें पुढारी अनुयायांना दिसत नाहीं आणि अनुयायी पुढाऱ्याला दिसत नाहींत, तेथें पुढारीपणाचें काय होतें? हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शहरांत घरोघर उभा राहिला, आणि त्याचें उत्तर आपल्याच शहरानें फार पूर्वीं देऊन ठेविलेलें आहे. तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाची साथ आली. महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण पुण्यांतच ९ मार्च रोजीं आढळले आणि २५ मार्चपासून सारा देश दारें लावून घरांत बसला. हिंजवडीच्या उंच कांचेच्या इमारती ओस पडल्या. एरवीं पाऊल ठेवण्यास जागा न मिळणाऱ्या लक्ष्मी रस्त्यावर भर दुपारीं शुकशुकाट दिसूं लागला. ज्यांचें काम हातांनींच करावयाचें, त्या परिचारिका, सफाईचे कामगार, दूधवाले व भाजीवाले यांना घरीं बसण्याची सोय नव्हती, हें आम्ही विसरूं इच्छीत नाहीं. परंतु ज्यांचें काम कागदाचें व अक्षरांचें, त्यांची कचेरी थोड्याच दिवसांत जेवणाच्या टेबलावर आली. शाळाहि तशीच, तळहातावर मावेल एवढ्या पडद्यांत येऊन बसली. पुढें साथ ओसरली, शाळा पुन्हां भरल्या, तरी घरून काम करण्याची रीत कांहीं अंशीं उरली आहे. आठवड्यांतील दोन-तीन दिवस घरींच कचेरी मांडणारे आई-बाप आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना आहेत. बंद दाराआडून येणारे त्यांचे आवाज मुलें ऐकतात, आणि साहेब म्हणजे काय, हाताखालचा माणूस म्हणजे काय, याविषयींचे आपले विचार त्यावरून बांधतात.

त्या दिवसांत आमच्या शेजारच्या दोन घरांतील दोन तरुण घरून काम करीत असत. दोघांचें शिक्षण सारखें, वय सारखें, काम संगणकाचें. कंपन्या मात्र निराळ्या. सायंकाळीं गच्चीवर अंतर राखून बसलों म्हणजे दोघांच्याहि गोष्टी आमच्या कानीं पडत. आपलीं माणसें आपल्याला दिसेनाशीं झालीं याची पहिल्याच्या साहेबास मोठी चिंता. तासातासाला निरोप, दर दोन तासांनीं सभा, आणि संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नांवापुढें एक हिरवा ठिपका. माणसानें कांहीं वेळ हालचाल केली नाहीं कीं तो ठिपका पिवळा होई व लागलीच विचारणा येई. महिन्याभरांत आमचा हा तरुण मित्र एक नवी विद्या शिकला. ती काम करण्याची नव्हे, ठिपका हिरवा ठेवण्याची! जेवतांनाहि त्याचा डावा हात माऊसवर असे.

दुसऱ्याचा साहेब सोमवारीं सकाळीं एक पानभर मजकूर लिहून पाठवी. या आठवड्यांत काय व्हावयास पाहिजे, तें कोणासाठीं, कोणत्या दिवसापर्यंत, आणि अडचण आली तर विचारावें कोणाला, एवढेंच त्यांत असे. मग शुक्रवारपर्यंत तो आपण होऊन फारसा फोन करीत नसे. परंतु यानें केला तर उचलल्यावांचून राहत नसे. एकदां गिऱ्हाइकाकडून मोठी तक्रार आली. तेव्हां सर्वांच्या समक्ष तो एवढेंच बोलला, “सूचना माझ्या होत्या, जबाब मी देईन.” आमचा हा दुसरा मित्र त्या वर्षीं पहिल्यापेक्षां अधिक काम करी, आणि विशेष हें कीं रात्रीं स्वस्थ झोपे.

दोघांहि साहेबांना आपापलीं माणसें दिसत नव्हतीं. एकानें दोन डोळे निकामी झाले म्हणून शंभर डोळे लावून पाहिले; दुसऱ्यानें डोळ्यांचें काम शब्दाकडे सोंपविलें. ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अंतर वाढलें म्हणजे पोहऱ्याची दोरी लांब होते, इतकेंच. आडांत पाणी आहे कीं नाहीं, तें मात्र मग लपून राहत नाहीं. समोर असतांना मोठा आवाज, रुंद टेबल आणि कपाळावरची आठी यांच्या जोरावर पुष्कळांचें पुढारीपण निभावून जातें. दूर गेल्यावर या वस्तूंचा कांहीं उपयोग उरत नाहीं.

पुणें शहरास हा अनुभव अगदींच नवा नाहीं. अठराव्या शतकांत येथें पेशव्यांचा कारभार चाले, तेव्हां मराठ्यांच्या फौजा चंबळेपार व यमुनेच्या कांठीं असत. दोन्ही टोकें जोडणारा धागा म्हणजे जासुदानें आणलेलें पत्र. उत्तर येण्यास दिवसामागून दिवस लागत; तोंवर तिकडील सरदारास आपल्याच बुद्धीनें वागावें लागे. त्या पत्रव्यवहाराचे रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरांत आजहि आहेत, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० पासून पुढील चार-पांच वर्षांत प्रसिद्ध झाले आहेत.

पुढें १९२८ सालीं हिंदुस्थानच्या हवामान खात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. १९४४ सालीं ती दिल्लीस गेली. तरी शिवाजीनगरची ती इमारत हवामान खात्याकडेच आहे, व पुणेकर तिला अजूनहि ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतील निरीक्षकांनीं ठरलेल्या वेळीं वायुभार, उष्णमान व पाऊस मोजावा आणि तारेनें कळवावें, अशी ती व्यवस्था होती. दूरच्या एखाद्या ठाण्यावरील निरीक्षकावर कोणाची नजर नसे. परंतु त्यानें पारा न पाहतांच आंकडा लिहिला, तर येथें काढलेला हवेचा नकाशा तेवढ्यापुरता खोटा ठरे. नजर नाहीं, तर तिच्या जागीं काय असलें म्हणजे असें काम खरें होतें? आमच्या मतें याचें उत्तम उत्तर लॉ कॉलेज रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या दगडी इमारतींत मिळतें.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ही ती संस्था. ती ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झाली, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें कार्य तिनें अंगावर घेतलें. महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळापर्यंत पसरलेल्या. त्यांच्या लिप्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा अनेक. एका पोथींत जो श्लोक आहे तो दुसरींत नाहीं, आणि दोहोंत आहे तर शब्द निराळे. या सर्व पोथ्या एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या, आणि पुराव्यानें जितकें मागें जातां येईल तितकें मागें जाऊन जुन्यांत जुना पाठ ठरवावयाचा, असा हा संकल्प. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९१८ सालीं या कार्यासाठीं एक लाख रुपये देऊं केले. १ एप्रिल १९१९ रोजीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें कामास आरंभ झाला. १९२३ सालीं ना. बा. उत्गीकर यांनीं तयार केलेलें विराटपर्व नमुन्यादाखल छापून विद्वानांच्या अभिप्रायासाठीं पाठविण्यांत आलें. आणि १९२५ सालीं विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे प्रधान संपादकाचें काम आलें. हे गृहस्थ मूळचे गणिताचे विद्यार्थी. केंब्रिज येथें गणित शिकून ते पुढें जर्मनींत संस्कृताकडे वळले होते.

आतां या कामांतील अडचण ध्यानांत घ्या. सर्व पोथ्या पुण्यास येणें शक्य नव्हतें, आणि सर्व लिप्या जाणणारे पंडितहि एका छपराखालीं मिळणें कठीण. म्हणून कांहीं पोथ्यांची ताडणी बंगाल्यांत शांतिनिकेतन येथें, कांहींची तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत होऊं लागली. पर्वांचे संपादकहि दूरदूरचे. विराटपर्व लाहोरच्या रघुवीर यांच्याकडे, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांच्याकडे, आणि सभापर्व तर थेट अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे! त्या काळीं पडदा नव्हता, हिरवा ठिपका नव्हता. टपाल व तार हींच काय तीं साधनें. तंजावरचा शास्त्री दुपारीं पोथी वाचतो कीं डुलकी घेतो, हें पुण्यास कळण्याचा कांहीं मार्ग नव्हता. तरीहि काम चाललें. तें कशाच्या बळावर?

पहिलें बळ म्हणजे स्पष्ट रीत. ताडणीसाठीं चौकटी आंखलेले कागद असत. प्रचलित पाठांतील श्लोक वरच्या ओळींत, एका चौकटींत एक अक्षर याप्रमाणें लिहावयाचा; आणि प्रत्येक पोथींत जेथें भेद दिसेल तेथें त्या अक्षराच्या बरोबर खालीं तो नोंदावयाचा. ‘नीट पाहा’, ‘काळजीपूर्वक करा’ असा उपदेश दूरच्या माणसास पुरत नाहीं. कारण काळजी म्हणजे नेमकें काय, हें प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणें ठरवितो. आंखलेली चौकट मात्र पुण्यास जी, तीच तंजावरास. एकेका पर्वासाठीं निदान दहा पोथ्या ताडल्या जात. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठीं तर ६० पोथ्या पाहिल्या गेल्या. एवढ्या हातांची अक्षरें एका पानावर जुळून यावींत, हें नियमाचें काम होतें. धाकाला तें साधलें नसतें.

दुसरें बळ याहून सूक्ष्म आहे. आम्ही ग्रंथालयांत आदिपर्वाचा खंड प्रथम उघडला, तेव्हां वर थोडा मूळ पाठ आणि खालीं बारीक टाइपांत पाठभेदांची दाट गर्दी पाहून आश्चर्य वाटलें. जो पाठ संपादकानें सोडून दिला तोहि त्यानें लपविलेला नाहीं. वाचकानें स्वतः तोलून पाहावें म्हणून खालीं छापला आहे. मग लक्ष गेलें तें मूळ पाठांतील कांहीं अक्षरांखालच्या नागमोडी रेघेकडे. जेथें संपादकाची पुरती खात्री नाहीं, तेथें ही रेघ. एवढा मोठा विद्वान, एवढ्या वर्षांचा व्यासंग, आणि तो आपल्याच हातानें छापून सांगतो कीं येथें मला संशय आहे! पुढाऱ्यानें सर्व कांहीं जाणतों असें भासविलें म्हणजे हाताखालचीं माणसें आपलीहि शंका गिळतात; आणि दूर असलेल्या माणसाची गिळलेली शंका कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. वरच्यानें नागमोडी रेघ ओढली, कीं खालच्यालाहि ती ओढण्याचें धैर्य येतें. पुढें नेपाळांतून राजगुरु पंडित हेमराज यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली, तेव्हां सुखटणकरांनीं आपला छापून झालेला पाठ तिच्याशीं ताडून पाहिला आणि तो पडताळा लेख लिहून विद्वानांपुढें ठेविला. दुसऱ्यांच्या कामास जी कसोटी, तीच स्वतःच्या कामास.

तिसरें बळ म्हणजे जड ओझें आपण उचलणें व मान वांटून देणें. सर्वांत अवघड मानलेलें आदिपर्व सुखटणकरांनीं स्वतःकडे घेतलें. तें १९३३ सालीं पूर्ण झालें, आणि त्याबरोबर संपादनाचे सर्व नियम व त्यांमागील कारणें सविस्तर प्रस्तावनेंत जगापुढें मांडलीं गेलीं. पुढें प्रत्येक पर्व त्या त्या संपादकाच्या नांवानें निघालें: विराटपर्व १९३६ सालीं, उद्योगपर्व १९४० सालीं, आणि सभापर्व १९४४ सालीं, म्हणजे महायुद्धामुळें समुद्रावरचें टपालहि सुरक्षित नव्हतें अशा काळांत. ज्याचें काम त्याचें नांव, ही साधी गोष्ट आहे. परंतु दूरच्या माणसाच्या बाबतींत तिचाच प्रथम विसर पडतो. जो समोर बसतो त्याची शाबासकी रोज होते. जो दूर बसतो त्याचें काम तेवढें येऊन पोंचतें, नांव वाटेंत गळतें.

आतां कोणी म्हणेल, हे सर्व मोठे पंडित; त्यांची गोष्ट शाळकरी मुलांना काय कामाची? त्यास उत्तर म्हणून आमच्या वर्गांतील एक हकीगत सांगतों. शाळा पडद्यांत होती त्या वर्षीं एका विद्यार्थ्याची चौकट नेहमीं काळी असे, आणि कांहीं दिवसांनीं ती दिसेनाशीच झाली. आम्हीं चौकशी केली. वडील मंडईंत भाजी विकीत. घरांत मोबाइल एकच, आणि तो पहाटेपासून दुपारपर्यंत वडिलांबरोबर असे. धाकट्या बहिणीची शाळाहि त्याच मोबाइलवर. आम्ही यावर कांहीं उपाय योजण्यापूर्वींच आम्हांस कळलें कीं उपाय आधींच झाला आहे. त्याच वर्गांतील, त्याच्याच पेठेंत राहणारी एक मुलगी रोजचा धडा व गणितें सुंदर अक्षरांत दोनदां लिहून काढी आणि एक प्रत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत ठेवी. तो सायंकाळीं ती घेऊन जाई आणि त्याच कागदाच्या पाठीमागें आपली अडलेली शंका लिहून दुसऱ्या दिवशीं परत ठेवी. ती शंका मग वर्गांत तिच्या तोंडून आम्हांस विचारली जाई. असे कित्येक आठवडे चाललें होतें. मुलगी वर्गाची मॉनिटर नव्हती. तिला कोणीं नेमलें नव्हतें व कोणी पाहतहि नव्हतें. आम्ही विचारलें तेव्हां ती म्हणाली, “त्याचा हात वर केलेला तुम्हांला दिसत नव्हता ना, म्हणून.”

पुढारीपणाची याहून चांगली व्याख्या आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत आढळलेली नाहीं. ज्याचा हात वर केलेला दिसत नाहीं, त्याचा हात ज्याला दिसतो, तो पुढारी.

आणि दूरच्या कामाची मर्यादाहि येथेंच कळते. नियम, चौकटी, सोमवारचें पत्र हें सर्व खरें. परंतु काळ्या चौकटीमागें आळस आहे कीं अडचण आहे, हें नियम सांगत नाहीं. समोरच्या मुलाचा उतरलेला चेहरा न विचारतां कळतो. दूरच्याचा विचारल्यावांचून कळत नाहीं. म्हणून दूरच्या पुढाऱ्यानें विचारणें सोडतां कामा नये. मात्र विचारण्यांतहि भेद आहे. ‘तूं जागेवर आहेस ना?’ हा पहारेकऱ्याचा प्रश्न. ‘तुझें कोठें अडलें?’ हा मार्गदर्शकाचा. पहिल्या साहेबाचे तासातासाचे निरोप आणि किराणा दुकानांतल्या कागदाची पाठ, यांत जो फरक आहे तो हाच. एकांत माणसाची हजेरी विचारली जाते, दुसऱ्यांत त्याची गरज.

अंतर केवळ कोसांचें असतें असेंहि नाहीं. तें वर्षांचेंहि असतें. ज्या भांडारकरांनीं १९१९ सालीं आरंभ करून दिला, ते १९२५ सालीं निवर्तले. त्यांनीं एकाहि पर्वाची चिकित्सक आवृत्ति पुरी झालेली पाहिली नाहीं. आदि व आरण्यक अशीं दोन मोठीं पर्वें स्वतः संपादून सुखटणकर २१ जानेवारी १९४३ रोजीं वारले. प्रधान संपादक गेल्यावर काम थांबेल, अशी शंका कोणासहि आली असती. परंतु नियम लिहिलेले होते, कारणें छापलेलीं होतीं, माणसें तयार झालेलीं होतीं. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनीं सूत्रें हातीं घेतलीं. १९६१ पासून तें काम परशुराम लक्ष्मण वैद्यांकडे आलें. मध्यंतरीं १९४७ सालीं देशाची फाळणी होऊन लाहोर व ढाका हीं शहरें सीमेपलीकडे गेलीं; तरी ज्या डे यांनीं उद्योगपर्व सिद्ध केलें, त्यांनींच संपादिलेलें द्रोणपर्व १९५८ सालीं प्रसिद्ध झालें. शेवटीं २२ सप्टेंबर १९६६ रोजीं पुण्यांत, राष्ट्रपति सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें, हें कार्य पुरें झाल्याची घोषणा झाली. त्या वेळीं सुखटणकरांना जाऊन २३ वर्षें झालीं होतीं. मनुष्य नसतांनाहि त्याचें पुढारीपण इतकीं वर्षें काम करीत होतें.

पालकहो, ही गोष्ट आम्ही विशेषेंकरून आपल्यापुढें ठेवितों. आज मूल आपल्या डोळ्यांपुढें आहे. तें अभ्यासास केव्हां बसतें, कोणाबरोबर खेळतें, मोबाइल किती वेळ हातीं धरतें, हें सर्व आपल्याला दिसतें. परंतु आणखी पांच-सात वर्षांनीं तें कोणत्या गांवीं असेल, कोणास ठाऊक? आपल्या पुण्यांतील किती तरी घरांतून मुलें बंगळूरास, जर्मनीस, अमेरिकेस गेलीं आहेत, आणि आई-वडील रविवारीं ठरलेल्या वेळीं पडद्यासमोर बसून त्यांची वाट पाहतात. प्रत्येक आई-बाप एक ना एक दिवस दूरचे पुढारी होणारच आहेत. त्या दिवशीं पहारा उपयोगी पडणार नाहीं. जो नियम आपण मुलास सांगितला तोच स्वतः पाळला होता कीं नाहीं, आपल्याला न कळलेली गोष्ट ‘कळत नाहीं’ म्हणून कबूल केली होती कीं नाहीं, आणि मुलाला त्याची हजेरी अधिक वेळां विचारली कीं त्याची अडचण, एवढ्याच पुंजीवर मग आपला शब्द चालेल. ही पुंजी आजच सांठवावयाची आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें मोठमोठ्या कचेऱ्यांचे प्रमुख होतील, आणि तुमच्या हाताखालचीं माणसें कदाचित् चार देशांत विखुरलेलीं असतील. तेव्हां ठिपके मोजण्याचा मोह होईल. कारण ठिपका दिसतो व विश्वास दिसत नाहीं. परंतु पुढारीपण शिकण्यासाठीं तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. उद्यां वर्गांत हजेरी होईल आणि एखादें नांव पुकारल्यावर उत्तर येणार नाहीं. पुस्तकांत हजेरीच्या जागीं एक लहानशी खूण पडेल व हजेरी पुढें जाईल. त्या खुणेपाशीं क्षणभर थांबून, सायंकाळीं घरीं जातांना जो त्या रिकाम्या बांकावरच्या मित्राच्या दारावरून जाईल, त्याचें शिक्षण सुरू झालें असें आम्ही समजूं.